वाकडी झाली, परत घालते

लेकीच्या केसांबद्दलचे प्रश्न लोक मला विचारतात. ती शेजारीच उभी असते, वेणी तिच्याच पाठीवर असते, पण "अगं बाई, केवढे केस!" एवढंच तिच्या वाट्याला येतं आणि "काय लावतेस गं तू?" हे माझ्या. पूर्वी मी "काही नाही" असं सांगायचे. त्यावर समोरची बाई 'हिला सांगायचं नाहीये' अशा नजरेनं बघायची. आता मी सुचेल त्या तेलाचं नाव सांगून मोकळी होते. तिचं समाधान होतं, आमची वाट मोकळी होते.

खरं उत्तर ऐकायला कुणाला फारशी मजा येणार नाही. केसाचं एकेक मूळ काही वर्षं सलग काम करतं, मग थांबतं, तीनेक महिने विश्रांती घेतं, जुना केस सोडून देतं आणि पुन्हा नव्यानं सुरुवात करतं. हा वाढीचा काळ कुणाचा दोन वर्षांचा असतो, कुणाचा सहा वर्षांचा. वाढ महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर. त्यामुळे ज्यांची मुळं दोन-अडीच वर्षांतच थांबतात त्यांचे केस खांद्याखाली फारसे जात नाहीत, मग डोक्याला काहीही चोळा. तेलानं केस कमी घासले जातात, कमी तुटतात, एवढं खरं. पण मुळाला किती वर्षं काम करायचं हे ते शिकवू शकत नाही. ते घराण्यातून येतं. आमच्याकडे ते नवऱ्याच्या बाजूनं आलंय, लेकीच्या आत्याची वेणी अजूनही कमरेखाली आहे. माझे केस खांद्याला टेकले की पुढे सरकायचं नाव घेत नाहीत. तेव्हा केस त्यांच्या घराण्याचे आणि गुंता माझ्या वाट्याला, अशी आमची वाटणी झाली आहे.

गुंत्याबद्दल मात्र मी अधिकारवाणीनं बोलू शकते. नऊ वर्षांच्या मुलीचे कमरेपर्यंतचे केस सकाळी सुटतात तेव्हा मानेमागे, कानाच्या खाली, नेमकी जिथे ती रात्रभर उशीवर डोकं घासते तिथे, एक गठ्ठा झालेला असतो. त्याला वरून कंगवा लावला की तो घट्ट होतो आणि घरात किंकाळी उठते. म्हणून शेंड्यापासून सुरुवात करायची. शेवटचे चार बोटं सोडवायचे, मग त्याच्या वरचे चार बोटं, असं करत वर सरकायचं. डाव्या मुठीत गुंत्याच्या वरचे केस घट्ट धरून ठेवायचे, म्हणजे ओढ मुठीपर्यंत येऊन थांबते, डोक्यापर्यंत पोचत नाही. केसाला स्वतःला काही कळत नाही, त्यात नसच नाही. कळ येते ती मुळापाशी. ही मुठीची युक्ती मला कुणी शिकवली नाही, तिच्या रडण्यानं शिकवली.

ओले केस तर त्याहून नाजूक. पाण्यानं केस ताणला जातो, लांबतो आणि मग झटक्यात तुटतो. तरीही न्हाऊन आल्या आल्या तिला घाई असते, "आई, पटकन बांध ना, खेळायला जायचंय." ओल्या केसांची घट्ट वेणी घालायची नाही यावरून आमचं दर रविवारी भांडण ठरलेलं. घट्ट वेणी तशीही नकोच. रोज एकाच जागी ओढ बसली तर कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस विरळ व्हायला लागतात, आणि हे फार दिवस चाललं तर तिथली मुळं कायमची दगावतात. म्हणून भांगाची जागा मी अधूनमधून बदलते. तिला ते आवडत नाही. तिला भांग मधोमध लागतो, फूटपट्टीनं आखल्यासारखा.

विंचरून झालं की जमिनीवर केस पडलेले असतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे ठणठणीत डोक्याचं लक्षण आहे, पण साठ सेंटीमीटरचे पन्नास केस एकत्र दिसले की कुणाचाही जीव खाली-वर होतो. एकदा त्यातलाच एक केस उचलून मी तिला खेळ दाखवला. केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा आणि सरकवायचा. मुळाकडून शेंड्याकडे गेलं तर बोट सुळकन जातं, उलट गेलं तर किंचित खरखरतं. केसावर कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात, त्यांची तोंडं शेंड्याकडे. तिनं डोळे मिटून दहा-बारा केसांची मुळं बरोबर ओळखली. मग एका टोकाला पांढरा ठिपका सापडला आणि तिनं विचारलं, "हे बी आहे? पेरलं तर उगवेल?"

"नाही गं. उगवायची जागा डोक्यातच राहिली. तिथून दुसरा येईल."

"मग याला काय करायचं?"

"केरात टाकायचं."

तिला हे फार निष्ठुर वाटलं. ते दहा-बारा केस बरेच दिवस एका वहीत होते.

केसांबद्दल सल्ला देणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, कात्री लावू नकोस हां. दुसरा म्हणतो, एवढ्याशा जिवाला कशाला एवढं ओझं, अंगातलं सगळं केसांत जातं बघ, म्हणूनच पोर अंग धरत नाही. दुसऱ्या पक्षाच्या बायका वयानं मोठ्या असतात, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. पण केसाचा जिवंत भाग म्हणजे फक्त त्वचेच्या आतलं मूळ. बाहेर लोंबतो तो केस बोटभर असो की हातभर, त्याला पोसावं लागत नाही. पोसायचं ते मूळ, आणि ते बॉबकट केलेल्या मुलीच्या डोक्यातही तेवढंच खातं. कापल्यानं केस दाट होतात हेही तसलंच. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, एवढंच. मला स्वतःला हे सगळं माहीत असून, लेक किरकोळ आजारी पडली की माझीही नजर आधी वेणीकडे जाते. ऐकलेलं आत कुठेतरी मुरून बसलेलं असतं.

शिवाय एकदा तसं घडलंही होतं. ती सात वर्षांची असताना तिला मोठा ताप येऊन गेला. ताप गेला, ती खेळायला लागली, आम्ही तो विसरलोही. आणि अडीच-तीन महिन्यांनी एका सकाळी कंगवा फिरवला तर केसांचा झुबका हातात आला. दुसऱ्या दिवशी आणखी. भांग रुंद दिसायला लागला. तिला काही दुखत नव्हतं, ती पाय हलवत गाणं म्हणत होती, आणि मी तिच्या मागे बसून तो झुबका ओढणीत लपवत होते. डॉक्टरांनी आधी विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काही मोठं आजारपण?" मी उडालेच. अंगावर मोठा ताण आला की बरीचशी मुळं एकदम काम थांबवतात. मात्र केस तेव्हा पडत नाहीत, विश्रांतीचे महिने संपले की सगळे एकदम पडतात. औषध काही नाही, वाट बघायची. परत आले. तेव्हा उगवलेले केस आता खांद्यापर्यंत पोचलेत, पण वेणीच्या शेवटापर्यंत पुरत नाहीत, म्हणून मधूनच बाहेर डोकावतात. बघणाऱ्याला वाटतं वेणी नीट घातलेली नाही. मला त्या टोकांवरून त्या पावसाळ्यातला ताप दिसतो.

उवांबद्दल थोडक्यात, कारण हा विषय लांबवावा असा नाही. झाल्या होत्या. वर्गात एकीला झाल्या की सगळ्यांना होतात. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, आणि नऊ वर्षांच्या मुली गुपितं सांगताना डोक्याला डोकं लावतातच. तेव्हा "कापून टाक, प्रश्न मिटेल" असं सांगणारे उगवले. पण ऊ राहते टाळूला चिकटून, लिखा चिकटवते त्याही मुळापासून बोटाच्या पेराच्या आत. खाली वेणी किती लोंबते याच्याशी तिला कर्तव्य नाही. लांब केसांमुळे वाढतं ते फणी फिरवणारीचं काम. औषध लावून आठवडा-दीड आठवड्यानं पुन्हा लावायचं, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखा तोवर फुटलेल्या असतात. पांढऱ्या टॉवेलवर फणी झटकत काढलेल्या त्या संध्याकाळी माझी पाठ कामातून गेली. लेक मात्र मोठ्यानं मोजत होती आणि आकडा वाढला की खूश होत होती.

आता त्या गोष्टीकडे येते जी मी कुणाला सांगत नाही.

लेक माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. भांडण वगैरे नाही, स्वभावच तसा. शाळेतून आली की "कसा गेला दिवस?", "चांगला". "काय झालं आज?", "काही नाही". तिचा बाबा विचारतो तेव्हा ती हातवारे करून सगळं सांगते, माझ्यापुढे मात्र कपाट बंद. कदाचित माझ्या चेहऱ्यावर सगळं लगेच दिसतं म्हणून असेल. तिच्या एका वाक्यानं माझ्या कपाळावर आठी पडते आणि दुसरं वाक्य ती गिळते.

पण पाठ करून बसली की ती बोलते. मी पलंगाच्या कडेवर, ती खाली, माझ्या गुडघ्यांच्या मध्ये, तोंड खिडकीकडे. तिला माझा चेहरा दिसत नाही, मला तिचा दिसत नाही. केसांचे तीन भाग होतात, पेड पडायला लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पेडाला तिचा आवाज येतो. "ती आता माझ्या बाकावर बसत नाही." हात थांबवायचा नाही. "कोण गं?" असं लगेच विचारायचं नाही. हात थांबला की ती थांबते, हे मला कळून चुकलंय. डावा पेड मध्ये, उजवा पेड मध्ये. "म्हणजे तिनं जागा बदलली. बाईंनी नाही बदलली, तिनंच." डावा, उजवा. "मला काही वाटलं नाही." उजवा. "थोडं वाटलं."

वेणी कितीही लांब असली तरी संपते. शेवटी चार बोटांचं शेपूट राहतं, रबर लावायची वेळ येते, आणि ती नेमकी वाक्याच्या मधोमध असते. अशा वेळी मी म्हणते, "थांब, वाकडी झाली, परत घालते." आणि सगळी वेणी सोडते.

वेणी वाकडी झालेली नसते. तीनपेडी वेणी मी झोपेतही सरळ घालू शकते. ती पहिल्यांदा "अगं आई, उशीर होतोय" म्हणायची. हल्ली म्हणत नाही. मला शंका आहे की तिला हे ठाऊक आहे, कारण अलीकडे एकदा मी रबर लावत असताना तिनंच हात मागे नेऊन वेणी चाचपली आणि म्हणाली, "वाकडी वाटते का बघ." मी बघितलं. वाकडी होती म्हणाले.

तिचा बाबाही वेणी घालतो, हे सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याचा भांग माझ्यापेक्षा सरळ असतो. पण तो वेणी घालताना दोघंही गप्प असतात. त्यांचं बोलून झालेलं असतं.

लांब केस मला आवडतात का, असं कुणी विचारत नाही, पण विचारलं तर उत्तर सरळ नाही. विंचरून मोकळे सोडले की पाठभर पसरतात आणि खिडकीतल्या उन्हात त्यात तपकिरी छटा दिसते, तेव्हा आवडतात. साडेसहाला, डबा भरलेला नसताना, नाही आवडत. आणि बाहेर कुणी अनोळखी माणूस न विचारता तिच्या वेणीला हात लावतो, उचलून वजन केल्यासारखी बघतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. कौतुकच असतं ते. तरीही ती आता वेणी खांद्यावरून पुढे घेऊन छातीशी धरायला शिकलीय, गर्दीत शिरताना आपोआप तसं करते. तिला तसं करायला मी सांगितलेलं नाही. तिच्या केसांचं एवढं कौतुक झालंय की बाकी तिच्याबद्दल कुणी काही विचारतच नाही. ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की आख्खी इमारत खिडकीशी येते. पण "केस काय सुंदर!" यापुढे गाडी सरकत नाही.

मध्यंतरी मी एक साधा हिशेब केला आणि तो डोक्यातून जाईना. महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर धरला तर साठ सेंटीमीटरच्या केसाचं टोक चार-पाच वर्षांपूर्वीचं. मधूनमधून शेंडे कापले तरी हिशेब बदलत नाही. टोकाचं वय मुळापासूनच्या अंतरावर ठरतं. म्हणजे रबराखालचं ते चार बोटांचं शेपूट त्वचेतून बाहेर आलं तेव्हा लेक चार-पाच वर्षांची होती. पुढचे दुधाचे दात तोंडात होते. 'र' म्हणता येत नव्हता. त्या वयाचं तिच्या अंगावर दुसरं काय उरलंय? कातडी बदलली, नखं किती वेळा कापली, ते दात पडले. शेपूट आहे. हे कळल्यापासून शेंडे कापायचे म्हटलं की माझा हात आखडतो, आणि हे कारण सांगण्यासारखंही नाही.

आणि आता तिला केस द्यायचे आहेत.

शाळेत कुणीतरी सांगितलं की आजारी मुलांच्या विगसाठी केस देता येतात. ती घरी आली ती प्रश्न घेऊनच. कॅन्सरनं केस जातात का? मी म्हटलं, बहुतेक वेळा आजारानं नाही, औषधानं. काही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसाच्या मुळातल्या पेशी अंगातल्या भराभर वाढणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याही मारल्या जातात. एका विगला एकीचे केस पुरतात का? नाही, अनेकींचे लागतात. किती लांब हवेत? साधारण तीस सेंटीमीटर, काही ठिकाणी थोडे जास्त. तिनं शिवणाच्या डब्यातली टेप आणली, वेणी सोडली, मला मोजायला लावलं आणि कागदावर वजाबाकी केली. पस्तीस गेले, पंचवीस उरले. "खांद्याच्या वर येतील," ती म्हणाली. "चालेल मला."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते उदात्त नव्हतं. 'बॉबकट हवाय' असं ती म्हणाली असती तर मी दहा सबबी सांगितल्या असत्या. यावर काय सांगणार? 'दुसऱ्या मुलींच्या आया देतील की' असं म्हणायचं? कुठलीच सबब तोंडातून बाहेर काढण्यासारखी नव्हती. मी "बघू" म्हटलं. आयांचा हा शब्द पोरांना बरोबर कळतो.

त्या रात्री मीही वजाबाकी केली, वेगळी. पस्तीस सेंटीमीटर परत यायला अडीच-तीन वर्षं. येतील, तिची मुळं कष्टाळू आहेत. एक लाख केस आहेत डोक्यावर, सगळ्यांची वाढ मिळवली तर दिवसाला तीस-एक मीटर होते. केसांची मला चिंता नाही. पण तोवर ती बारा वर्षांची होईल. बारा वर्षांची मुलगी आईच्या गुडघ्यांमध्ये खाली बसते का? मला आठवतं त्याप्रमाणे नाही बसत. ती आरशासमोर उभी राहून स्वतःची वेणी स्वतः घालते आणि दार लावलेलं असतं. खांद्यापर्यंतचे केस कंगव्याच्या चार फटकाऱ्यांत होतात. त्या चार फटकाऱ्यांत कुणी 'थोडं वाटलं' म्हणत नाही.

मला वाटत होतं मी केस राखतेय. मी राखत होते ती सकाळची वीस मिनिटं, आणि त्यासाठी तिच्या डोक्यावर अर्धा किलोमीटर कापसाचं सूत असतं तरी मला चाललं असतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला सांग ना तसं." हे त्याला सोपं, तो समोरासमोर बोलणाऱ्यांपैकी. तिला तसं सांगितलं तर ती केस देणार नाही, माझ्यासाठी ठेवेल. आणि मग ते केस आम्हा दोघींनाही जड होतील. एवढं मला कळतं.

सकाळी वेणी घालताना तिनंच विषय काढला. पाठ माझ्याकडे होती, आवाज सहज.

"केस कापले तरी तू रोज विंचरशील का?"

"तुला येतं की विंचरता."

"मागचं नाही येत."

"खांद्यापर्यंतच्या केसांत मागचं असं काय असतं?"

"असतं," ती म्हणाली. "थोडं असतं."

मी अजून हो म्हटलेलं नाही. ती आठवड्यातून दोनदा मत बदलते. कधी वाढदिवसाआधी, कधी परीक्षेनंतर, कधी "पुढच्या वर्षी, अजून लांब झाले की". मी कुठल्याच तारखेला विरोध करत नाही, आग्रहही धरत नाही. मात्र केस धुऊन पूर्ण वाळवायचे, ओले कापायचे नाहीत, आधी वेणी किंवा पोनी घट्ट बांधायची, वरखाली दोन रबरं लावायची, आणि कात्री वरच्या रबराच्याही वरून चालवायची, हे सगळं वाचून ठेवलंय. तिनं अट घातलीय की पहिली कात्री मी लावायची. मी म्हटलं, माझ्याकडून वाकडी लागेल.

"मग परत लाव," ती म्हणाली.